सुटीत बागेला पाणी कोण घालणार?

मे महिन्याची सुटी लागली की झाशीतल्या मराठी घरांतून पुण्या-मुंबईकडे, नागपूरकडे निघायची तयारी सुरू होते. तिकिटे होतात, बॅगा भरल्या जातात आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी गृहिणीचे लक्ष अंगणाकडे जाते. मोगरा ऐन बहरात, लिंबाला फळे धरलेली, ओटीवर तीस कुंड्या आणि समोर हिरवळीचा तुकडा. पारा ४५ अंशांकडे निघालेला. शेजारच्या काकूंकडे किल्ली ठेवता येते, पण तीन आठवडे रोज दोन वेळा झारी घेऊन उभे राहा, असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

अशा वेळी आपोआप पाणी घालणारी नळ्यांची व्यवस्था उपयोगी पडते. शेतातले ठिबक सिंचन आता महाराष्ट्रात कुणाला नवे नाही. जळगावच्या भवरलाल जैन यांच्या उद्योगाने ते केळीच्या बागांपर्यंत नेले. तेच तंत्र लहान करून अंगणात आणता येते.

आधी पाण्याचा हिशेब

झाशीला पिण्याचे पाणी बेतवेवरच्या माताटीला धरणातून येते. पाऊस पडतो तो बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच आणि खाली ग्रॅनाइटचा कठीण खडक असल्याने जमिनीत पाणी फारसे साठत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्याच मे महिन्यात झाशीकडेही पाण्याची रेल्वे पाठवण्यावरून केंद्र आणि राज्य यांच्यात वाद रंगला होता. अशा गावात नळी टाकण्याआधी पाणी मोजणे हे गृहिणीचे पहिले काम.

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. वीस फूट लांब आणि पंधरा फूट रुंद हिरवळ सुमारे २८ चौरस मीटर भरते. कडक उन्हात तिला रोज पाच मिलिमीटर पाणी दिले, तर १४० लिटर लागतात. आठवड्याला जवळजवळ हजार लिटर! याउलट तीस कुंड्यांना अर्धा-अर्धा लिटर दिला, तर दिवसाला केवळ १५ लिटर. म्हणजे टाकी रिकामी होते ती हिरवळीमुळे. हे एकदा कळले की पुढचे निर्णय सोपे होतात.

जोडणी अशी करावी

प्रथम कागदावर बागेचा आराखडा काढावा. टाकी कुठे, आळी किती, कुंड्या किती, हे लिहावे. मग बागेच्या नळाखाली वीस लिटरची बादली ठेवून ती किती वेळात भरते ते घड्याळावर पाहावे. एका मिनिटात भरली, तर नळ तासाला १२०० लिटर देतो. कुंड्यांसाठी तासाला दोन लिटर सोडणारे आणि आळ्यांसाठी चार लिटरचे ड्रिपर घेतले, तर एवढा प्रवाह घरगुती बागेला भरपूर होतो.

नळाला क्रमाने कॉक, टायमर आणि जाळीचा फिल्टर लावावा. पुढे १६ मिलिमीटरची काळी नळी भिंतीच्या कडेने न्यावी. ती तासभर उन्हात ठेवली की मऊ होते आणि सरळ बसते. तिला भोके पाडून बारीक नळ्या प्रत्येक कुंडीत सोडाव्यात. कुंडीला १५ मिनिटे, गुलाबाला दोन ड्रिपरने अर्धा तास, लिंबाला चार ड्रिपरने तासभर, पण आठवड्यातून दोनदाच. वेळा वेगळ्या असल्याने कुंड्या आणि झाडे यांच्या नळ्याही वेगळ्या ठेवाव्यात. पाणी पहाटे सोडावे.

टायमर विकत घेताना एक गोष्ट जरूर विचारावी. गच्चीवरच्या टाकीचा दाब कमी असतो. पंधरा फूट उंचीवरून मिळतो तो अर्ध्या बारपेक्षाही कमी. पुष्कळ टायमर एवढ्या दाबावर उघडतच नाहीत, म्हणून टाकीच्या पाण्यावर चालणारा, आत गोळीचा कॉक असलेला टायमर मागावा. हिरवळीच्या तुषार फवाऱ्यांना तर याहून कितीतरी जास्त दाब लागतो; त्यासाठी वेगळा पंप बसवावा लागतो.

बागेची नळी टाकीच्या तळाशी न जोडता मध्यावर जोडावी. एखादा सांधा निखळला, तरी वरचे पाणीच वाहून जाईल. निम्मी टाकी घरासाठी शिल्लक राहील.

हिरवळीचे काय?

आपल्याकडची हिरवळ बहुधा हरळीची असते. हरळी म्हणजेच गणपतीला वाहायची दूर्वा. तिचा चिवटपणा सर्वांना ठाऊक आहे. रोज शिंपडले की तिची मुळे वरच राहतात. आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी दिले की ती खोल जातात. मे महिन्यात ती पिवळी पडली तरी घाबरू नये. पहिल्या पावसासरशी ती पुन्हा हिरवी होते. तेव्हा सुटीपुरते पाणी झाडांना आणि कुंड्यांना ठेवावे, हिरवळीला विसावा द्यावा. आळ्यांत पालापाचोळ्याचा जाड थर पसरावा. ओल जास्त टिकते.

निघण्यापूर्वी

निदान आठवडाभर आधी व्यवस्था सुरू करून रोज पाहावी. टायमरमध्ये नवे सेल घालावेत. फिल्टर धुवावा, नळीचे टोक उघडून गाळ वाहू द्यावा. जड पाण्याने ड्रिपरला पांढरे थर धरतात. ते काढून काही तास व्हिनेगरमध्ये बुडवले की मोकळे होतात. धुण्याभांड्यांचे पाणी या नळ्यांत सोडू नये, त्या तुंबतात. भाज्या धुतलेले पाणी मात्र बादलीने हिरवळीला खुशाल घालावे.

आणि काकूंकडे किल्ली ठेवावीच. आता त्यांना रोज झारी उचलायची नाही. दोन-तीन दिवसांनी फाटक उघडून कुठे पाणी वाहत तर नाही ना, एवढे पाहायचे. जाताना मोगऱ्याची ओंजळभर फुले घरी न्या, हेही त्यांना सांगून ठेवावे.