उपाशी कोळी किती कामाचा?

पॉलिहाऊसमधल्या गुलाबावर लाल कोळी पडला की त्याला खाणारे भक्षक कोळी सोडता येतात. ते जितके उपाशी, तितके चांगले, असे वाटेल. पण तसे नाही.

फायटोसियुलस पर्सिमिलिस या भक्षकाला डोळेच नसतात. लाल कोळ्याने पोखरलेल्या पानांच्या वासावरून तो भक्ष्य गाठतो. भूक असली की सापडलेले भक्ष्य पुरते शोषतो, पोट भरलेले असले तर अर्धवट टाकतो. उपासमार लांबली, की वाऱ्याबरोबर निघून जातो, नाहीतर आपल्याच जातीची अंडी-पिल्ले खातो. लाल कोळ्याशिवाय त्याचे भागतच नाही!

म्हणून आधी फवारणीने सगळे साफ करून मग भक्षक सोडणे म्हणजे पैसे पाण्यात. पहिले ठिपके दिसताच सोडा, आणि नंतर पानामागे चार-दोन लाल कोळी उरले तर खुशाल उरू द्या.