पेन्सिलीची खूण

‘बापच बुटका, पोरगं कुठून उंच होणार?’ असे म्हणून आपण मोकळे होतो. पुष्कळदा ते खरेही असते. पण चौथ्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटिमीटर वाढते. हा वेग मंदावला, तर थायरॉईडची कमतरता, गहू न सोसणारे आतडे, मुलींत टर्नर सिंड्रोम अशी कारणे निघू शकतात. तिथे टॉनिके आणि बारला लोंबकळणे (किती पैसे गेले असतील यात!) कुचकामी. मुलीची उंची तर आपल्याला स्थळे पाहतानाच आठवते. वास्तविक पाळी सुरू झाल्यावर ती फारशी वाढत नाही. दाराच्या चौकटीवर दर सहा महिन्यांनी तारखेसह खूण करावी. वर्षात ५ सेंटिमीटरही भरले नाहीत, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. जाताना त्या नोंदी बरोबर न्याव्यात.