अमेरिकेतील दोन छावण्या आणि कोळसा-कामगार

८ एप्रिल २०२५ रोजी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी कोळसा-उद्योगाला चालना देणाऱ्या आदेशांवर सह्या केल्या, तेव्हा व्हाइट हाउसमध्ये त्यांच्या पाठीमागे हेल्मेट घातलेले खाण-कामगार उभे करण्यात आले होते. हवामान-बदलाच्या ‘थोतांडा’पासून या श्रमिकांना आपण वाचवीत आहोत, असा त्या देखाव्याचा अर्थ होता. त्याच एप्रिल महिन्यात त्याच सरकारने खाणींतील सिलिकाच्या धुळीवर मर्यादा घालणाऱ्या नियमाची अंमलबजावणी पुढे ढकलली. कोळशाचे जाड थर संपत आल्यामुळे ॲपलेशियाच्या डोंगरांत आता पातळ थरांबरोबर खडकही कापावा लागतो. त्या खडकाची बारीक धूळ फुप्फुसांत जाऊन बसते आणि तिशी-चाळिशीतल्या माणसाला चार पायऱ्या चढणे अशक्य करून सोडते. वेस्ट व्हर्जिनियातील मॉर्गनटाउन येथे खाण-कामगारांची फुप्फुसे तपासणारा जो सरकारी विभाग आहे, तेथील कर्मचाऱ्यांनाही याच सुमारास कामावरून कमी करण्यात आले. एका खाण-कामगाराने न्यायालयात धाव घेतली, तेव्हा मे महिन्यात त्यांना परत घेण्याचा आदेश निघाला. अध्यक्षांच्या पाठीमागे उभ्या केलेल्या कामगारांना धुळीच्या नियमाविषयी काय वाटते, हे विचारण्याची गरज मात्र कोणाला भासली नाही.

अमेरिकेचे राजकारण आज दोन छावण्यांत विभागले गेले आहे, असे जगभरची भांडवली वृत्तपत्रे सांगत असतात. एका बाजूला उदारमतवादी : हवामान-बदल मानणारे, धर्म व राज्यसंस्था यांची फारकत मागणारे, स्त्रियांच्या व समलिंगी व्यक्तींच्या हक्कांचे पुरस्कर्ते. दुसऱ्या बाजूला पुराणमतवादी : बायबल, कुटुंब आणि राष्ट्र यांचा जयघोष करणारे, हवामान-विज्ञानाविषयी साशंक, गर्भपाताचे कट्टर विरोधक. हे वर्णन सर्वस्वी खोटे नाही. परंतु मजुरी कोण ठरवतो, खाण कोणाच्या मालकीची, कारखाना बंद करण्याचा अधिकार कोणाच्या हाती, या प्रश्नांना त्यात जागा नाही. आणि ती का नाही, हे समजून घेतल्याखेरीज या झगड्याचा उलगडा होत नाही.

पहिली गोष्ट अशी की, या छावण्या अनादि काळापासून अशाच चालत आलेल्या नाहीत. पर्यावरण-संरक्षणाची केंद्रीय यंत्रणा १९७० साली स्थापन केली ती रिचर्ड निक्सन या रिपब्लिकन अध्यक्षाने. शुद्ध हवेच्या कायद्यावर त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला सही केली तीही त्यानेच. व्हिएतनाममध्ये बॉम्बवर्षाव करणारा हा माणूस निसर्गप्रेमी होता, असे कोणी म्हणणार नाही. रस्त्यावर उतरलेल्या जनतेचा तो रेटा होता. धर्माच्या बाबतीतही तेच. सदर्न बॅप्टिस्ट हा आज गर्भपात-विरोधाचा बालेकिल्ला समजला जाणारा पंथ. त्याच्या अधिवेशनाने १९७१ साली, बलात्कारातून राहिलेला गर्भ किंवा मातेच्या शारीरिक-मानसिक आरोग्याला धोका अशा परिस्थितीत गर्भपाताची मुभा देणारे कायदे व्हावेत, असा ठराव केला होता. १९७३ साली गर्भपाताचा घटनात्मक हक्क मान्य करणाऱ्या निकालपत्राचा लेखक निक्सननेच नेमलेला न्यायमूर्ती होता.

मग दशकभरात असे काय घडले? काळ्या मुलांना प्रवेश नाकारणाऱ्या खाजगी ख्रिस्ती शाळांची करमाफी काढून घेण्याच्या हालचाली १९७० च्या दशकात सुरू झाल्या आणि दक्षिणेतील धर्मोपदेशक त्यामुळे खवळून उठले. वर्णद्वेषाचा उघड पुरस्कार करण्याचे दिवस सरले होते, तेव्हा गर्भपात आणि कुटुंब या प्रश्नांचा झेंडा अधिक सोयीचा ठरला. १९७९ साली जेरी फॉलवेल यांनी ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना उभारली; १९८० साली तिने रोनाल्ड रेगन यांच्या पाठीशी मते उभी केली. या मतांचे पीक कोणी कापले? ऑगस्ट १९८१ मध्ये संपावर गेलेल्या अकरा हजारांहून अधिक हवाई-वाहतूक नियंत्रकांना रेगन यांनी एका फटक्यात बडतर्फ केले. त्यांच्या संघटनेने आदल्या वर्षी रेगन यांनाच पाठिंबा दिला होता! १९८३ साली अमेरिकेतील पगारदारांपैकी २० टक्के कामगार-संघटनांचे सभासद होते. २०२४ साली ते प्रमाण १० टक्क्यांच्याही खाली गेले होते. देवाच्या नावाने मते मागितली गेली, आणि संघटना मोडून निघाल्या त्या मालकांसाठी.

हवामानाच्या प्रश्नाची कहाणी याहून बोलकी आहे. जमिनीतील तेल व कोळसा जाळल्याने पृथ्वीचे तापमान वाढेल, हे १९७७ सालीच एक्सॉन कंपनीच्या शास्त्रज्ञाने तिच्या व्यवस्थापनाला सांगितले होते. कंपनीला कळले होते, म्हणूनच पुढे जनतेला ते कळू नये यासाठी पैसा ओतला गेला. हा संशयाचा व्यापार पुराणमतवादी छावणीत अधिक खपला यात नवल नाही. परंतु उदारमतवादी छावणीची कामगिरी काय आहे? जुलै १९९७ मध्ये अमेरिकन सिनेटने एक ठराव संमत केला : भारत-चीनसारख्या विकसनशील देशांवर बंधने येत नसतील आणि अमेरिकन अर्थव्यवस्थेला झळ पोहोचणार असेल, तर असा कोणताही हवामान-करार अमेरिकेने करू नये. ठराव मांडणारे दोघे : वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट रॉबर्ट बर्ड आणि नेब्रास्काचे रिपब्लिकन चक हेगल. बाजूने मते ९५, विरोधात शून्य. इंधने जाळून आजवर हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, तर भारताचा चार टक्क्यांच्या आत. हा हिशेब चुकता करण्याची वेळ आली तेव्हा दोन्ही छावण्यांमधील सगळी वैचारिक दरी एका मतदानापुरती बुजून गेली. कच्च्या तेलाच्या निर्यातीवरील चाळीस वर्षांची बंदी डिसेंबर २०१५ मध्ये उठली ती ओबामा यांच्या सहीने, पॅरिस-कराराची शाई वाळते न वाळते तोच. २०२३ साली बायडेन यांच्या कारकिर्दीत अमेरिकेचे तेल-उत्पादन तोपर्यंतच्या उच्चांकावर पोहोचले होते.

यावरून ‘दोन्ही भांडवलदारांचेच पक्ष, तेव्हा दोन्ही सारखेच’ असा निष्कर्ष काढून मोकळे होण्याचा मोह डाव्या कार्यकर्त्यांना होतो. तो मोह आवरला पाहिजे. २४ जून २०२२ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क रद्द केला आणि त्यानंतर डझनाहून अधिक राज्यांनी जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. वेस्ट व्हर्जिनियाने ती त्याच वर्षी सप्टेंबरात घातली. कंपनीच्या संचालकाची पत्नी विमानाने दुसऱ्या राज्यात जाऊन येते. ताशी मजुरीवर दुकानात उभी राहणारी बाई जाऊ शकत नाही. एका दिवसाची रजा मागितली तर तिची नोकरी जाते. हक्क गमावण्याची किंमत प्रथम कामगार स्त्रीच मोजते, तेव्हा या हक्काचे रक्षण हा ‘मध्यमवर्गीय’ प्रश्न आहे असे म्हणणे हा शुद्ध आळस होय. अमेरिकेला पॅरिस-करारातून दुसऱ्यांदा बाहेर काढण्याच्या जानेवारी २०२५ च्या आदेशाबद्दलही हेच म्हणता येईल. उन्हात राबणाऱ्या शेतमजुराला वातानुकूलित बंगल्यात आसरा घेता येत नाही. उदारमतवाद्यांच्या हातून जे थोडेफार मिळाले आहे ते वाचविलेच पाहिजे. पण ते त्यांच्या हातून टिकत का नाही, हा खरा प्रश्न.

त्याचे उत्तर पुन्हा कोळशाच्या डोंगरात शोधावे लागते. वेस्ट व्हर्जिनिया हे आज ट्रम्प यांना सुमारे सत्तर टक्के मते देणारे राज्य. पण १९२१ साली याच राज्यातील ब्लेअर माउंटन येथे सुमारे दहा हजार खाण-कामगारांनी गळ्यात लाल रुमाल बांधून, हातात बंदुका घेऊन मालकांच्या सशस्त्र टोळ्यांशी लढत दिली होती आणि त्यांना हटविण्यासाठी केंद्रीय सैन्य बोलवावे लागले होते. १९६८ च्या नोव्हेंबरात फार्मिंग्टनच्या खाणीत ७८ कामगार मृत्युमुखी पडले. पुढल्या फेब्रुवारीत हजारो कामगारांनी आपल्याच संघटनेच्या पुढाऱ्यांना न विचारता संप केला आणि काळ्या फुप्फुसाच्या रोगाला भरपाई मिळवून दाखवली. या मुलखाने १९९६ पर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाला मते दिली. १९२० च्या दशकात अमेरिकन खाणींत आठ लाखांवर माणसे होती; आता ती पन्नास हजारांच्या आत आली आहेत. यातील बहुतेक घट यंत्रांमुळे आणि डोंगरच्या डोंगर सुरुंगाने उडवून कोळसा काढण्याच्या पद्धतीमुळे झाली. हवामान-धोरणाचा जन्मही झालेला नव्हता तेव्हापासून ती चालू आहे. एप्रिल २०१० मध्ये अपर बिग ब्रँच खाणीतील स्फोटात २९ जण मेले, ते काही पर्यावरणवाद्यांमुळे नव्हे. तिच्या मालक-कंपनीच्या प्रमुखाला सुरक्षा-नियम मोडण्याच्या कटाबद्दल एक वर्षाची कैद झाली. सुटून आल्यावर त्याने रिपब्लिकन पक्षाकडे सिनेटची उमेदवारी मागितली.

असे असूनही उदारमतवाद्यांनी या कामगारांना आपलेसे केले नाही. १९९० च्या दशकापासून त्यांचा पक्ष शेअरबाजाराच्या आणि संगणक-उद्योगाच्या शहरांत रमला. मार्च २०१६ मध्ये हिलरी क्लिंटन यांनी कोळशाच्या कंपन्या आणि खाण-कामगार यांचा धंदा बंद पडणार असल्याचे भर सभेत सांगितले. या भागासाठी त्यांच्याकडे तीस अब्ज डॉलरची योजना होती; पण खाणीच्या वस्तीत पोहोचले ते पहिले वाक्य, योजना नव्हे. अंधश्रद्ध, अडाणी, बंदूक आणि बायबल यांना चिकटून बसलेली माणसे, असे ज्यांच्याविषयी वर्षानुवर्षे बोलले गेले, त्यांनी त्या योजनेवर विश्वास का ठेवावा?

तरीही या कामगारांना हवामानाचे शत्रू समजणे चूक आहे. डिसेंबर २०२१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाचे डेमोक्रॅट सिनेटर जो मँचिन यांनी आपल्याच अध्यक्षाचे सामाजिक व हवामान-विषयक विधेयक अडवून धरले. मँचिन यांच्या कुटुंबाचा कोळशाचा व्यापार आहे. त्या वेळी त्यांनी फेरविचार करावा अशी जाहीर मागणी कोणी केली? खाण-कामगारांच्या ‘युनायटेड माइन वर्कर्स’ या संघटनेने! त्या विधेयकात काळ्या फुप्फुसाच्या निधीची तरतूद होती आणि कोळशाच्या मुलखात नवे कारखाने काढणाऱ्यांना सवलती होत्या. रोजगार आणि औषधपाणी यांची हमी असेल तर कामगार स्वच्छ ऊर्जेच्या आड येत नाहीत, हे यावरून दिसते. मालकाचे प्रतिनिधी मात्र आड येतात, मग ते कोणत्याही छावणीत बसलेले असोत.

धर्माच्या प्रश्नावरही घाईने बोलू नये. काळ्या जनतेचा मुक्तिलढा चर्चच्या बाकांवरून उभा राहिला. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला तेव्हा ते मेम्फिसमध्ये होते ते तेराशे सफाई-कामगारांच्या संपासाठी. लेनिनने १९०५ सालीच पक्षाला बजावले होते की राज्यसंस्थेपुरता धर्म खाजगी बाब राहिला पाहिजे, पण श्रद्धाळू कामगाराला लढ्यातून दूर लोटण्याइतके त्याच्या श्रद्धेला महत्त्व देऊ नये. १९०५ च्या रशियात धर्मोपदेशकाच्या मागे चालत गेलेल्या कामगारांवर झारच्या सैन्याने गोळ्या झाडल्या होत्या. हा सल्ला त्या वर्षाच्या अनुभवातून आला होता.

‘पुराणमतवादी’ म्हणून ज्यांची नोंद होते ते मतदार, प्रश्न थेट हाती आल्यावर काय करतात? मिसुरी राज्यात ऑगस्ट २०१८ मध्ये संघटना खिळखिळ्या करणारा कायदा दोन-तृतीयांश मतांनी फेटाळला गेला. २०२० मध्ये फ्लोरिडाने ट्रम्प यांना निवडले आणि त्याच दिवशी किमान वेतन टप्प्याटप्प्याने ताशी १५ डॉलरपर्यंत नेण्यास साठ टक्क्यांहून अधिक मते दिली. ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्ससने गर्भपाताचा हक्क काढून घेण्याचा प्रस्ताव ५९ विरुद्ध ४१ असा नाकारला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मिसुरीने तर एकाच दिवशी ट्रम्प, गर्भपाताचा हक्क, किमान वेतनवाढ आणि आजारपणाची पगारी रजा या चारही गोष्टी निवडल्या. मतदाराच्या डोक्यात गोंधळ आहे असे यावर उदारमतवादी स्तंभलेखक म्हणतात. गोंधळ असेल तर तो त्याच्यासमोर ठेवलेल्या मतपत्रिकेत आहे, कारण या सर्व मागण्या एकत्र मांडणारा पक्षच तिच्यावर नाही. जुलै २०२५ मध्ये मिसुरीच्या रिपब्लिकन गव्हर्नरांनी सही करून आजारपणाची ती पगारी रजा रद्द केली. जनतेचा कौल धाब्यावर बसविताना कुटुंबाच्या पावित्र्याची आठवण कोणाला झाली नाही. तापाने फणफणलेल्या लेकराजवळ एक दिवस बसण्याची सोय म्हणजेच ती रजा होती.

हा सारा अनुभव भारतातील पक्ष-सभासदांना दूरचा वाटण्याचे कारण नाही. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने ४१ कोळसा-खाणपट्टे खाजगी मालकांसाठी लिलावात काढले, तेव्हा २ ते ४ जुलै असे तीन दिवस देशभरच्या खाणी बंद राहिल्या. त्या संपात लाल बावट्याच्या संघटनांबरोबर भारतीय मजदूर संघही होता. देवळात जाणारा आणि न जाणारा असा भेद त्या तीन दिवसांत खाणीच्या फाटकावर कोणी केला नाही. त्याच यादीत चंद्रपूर जिल्ह्यातील, ताडोबाच्या जंगलाला लागून असलेला बंदर खाणपट्टा होता. जंगल आणि वाघांचा मार्ग वाचविण्यासाठी महाराष्ट्रातून विरोध झाला आणि तो वगळला गेला. खाण-कामगार आणि जंगल वाचविणारे यांचा विरोध एकाच लिलावाला होता. पुढच्या वेळी लिलावाची यादी निघेल तेव्हा त्यांची सभा एकाच मांडवात व्हावी, हे काम चंद्रपूर-वणीपासून धनबाद-कोरब्यापर्यंतच्या पक्ष-शाखांकडे येते.