एकोणतीस मिनिटांचा गोंगाट

संगीतात गोडवा हाच काय तो एक गुण, अशी समजूत आपल्याकडे फार जुनी आहे. ती सर्वस्वी खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु ती अपुरी आहे असे आम्हांस वाटते, आणि म्हणूनच प्रस्तुत लेखात एका अत्यंत कर्कश ध्वनिमुद्रिकेची स्तुती करण्याचे आम्ही योजिले आहे. ही ध्वनिमुद्रिका न्यूयॉर्क शहरातील 'रमोन्स' नामक चौघा तरुणांची असून ती 23 एप्रिल 1976 रोजी प्रसिद्ध झाली. 'पंक रॉक' ह्या नावाने जे संगीत पुढे जगभर गाजले, त्याचा पाया हिने घातला असे पुष्कळ जाणकार मानतात. पालकवर्गाने पहिल्या दोन गीतांनंतर यंत्र बंद करू नये, एवढीच आमची प्रारंभी विनंती आहे.

त्या सुमारास इंग्रजी रॉक संगीत फार श्रीमंत झाले होते. एकेक रचना वीस वीस मिनिटे चाले. वाद्यांचे ढीग रंगमंचावर रचले जात. वादकाचे कसब पाहून ऐकणारा थक्क होई खरा, परंतु 'हे आपल्यासारख्याचे काम नव्हे' अशी खूणगाठही तो मनाशी बांधून घरी जाई. अशा वेळी क्वीन्स भागातील फॉरेस्ट हिल्स वस्तीतल्या चार मुलांनी 1974 साली आपला मेळ जमविला. जोई, जॉनी, डी डी आणि टॉमी अशी त्यांची नावे. ते एकमेकांचे भाऊ नव्हते, नातेवाईकही नव्हते. तरी चौघांनी 'रमोन' हे एकच आडनाव धारण केले. मुखपृष्ठावरील काळ्यापांढऱ्या छायाचित्रात ते विटांच्या भिंतीस टेकून उभे आहेत. अंगात चामड्याची जाकिटे, गुडघ्यावर फाटलेल्या विजारी, चेहऱ्यावर हसू नाही. छायाचित्रासाठी ठेवणीतले कपडे घालावेत ही आपली रीत. ह्यांनी ती पाळली नाही.

सुमारे आठवडाभरात, 6,400 डॉलर खर्चून हे ध्वनिमुद्रण पुरे झाले. मोठमोठ्या मंडळ्यांच्या खर्चापुढे ही रक्कम किरकोळच होती. मुद्रिकेवर गीते 14, आणि सर्वांचा मिळून वेळ अवघा 29 मिनिटांचा. एकही गीत तीन मिनिटे भरत नाही. डाव्या कानात खर्जाची गिटार, उजव्या कानात दुसरी गिटार, मधोमध ढोल आणि जोईचा काहीसा नाकात येणारा आवाज. याखेरीज सजावट अशी जवळजवळ नाहीच. जॉनीचे वादन विशेष लक्ष देऊन ऐकण्यासारखे आहे. गिटार वाजविणारा सामान्यतः हात खाली नेताना आणि वर आणताना, दोन्ही वेळा तारा छेडतो. जॉनीचा आघात मात्र वरून खालीच, आणि तोही विलक्षण वेगाने. उखळात भात कांडताना मुसळाचा घाव जसा एकाच दिशेने पडतो, तसा हा घाव पडत राहतो. असे वाजवून पाहा म्हणजे मनगटास काय सोसावे लागते ते कळेल. 'यात कला ती कोणती?' असे विचारणारांस आमचे उत्तर एवढेच की, तो गलबला दोनचारदा कानांवरून गेला म्हणजे त्याच्या आत साधी, गुणगुणता येण्याजोगी चाल स्पष्ट ऐकू येऊ लागते. चाल लपविण्यासाठी त्यांनी गोंगाट केला नाही. तिच्यावर साखर चढवावयाचे तेवढे टाळले.

विक्रीच्या दृष्टीने पाहता ही मुद्रिका अमेरिकेच्या यादीत 111व्या क्रमांकापलीकडे चढली नाही. अमेरिकेत पाच लाख प्रतींच्या विक्रीस जे सुवर्णपदक मिळते, ते तिला एप्रिल 2014 मध्ये, म्हणजे 38 वर्षांनी मिळाले. तेव्हा मुखपृष्ठावरील चौघांपैकी एकटे टॉमी हयात होते, आणि त्याच वर्षीच्या जुलैत तेही वारले. परंतु विक्रीच्या आकड्यांत न मावणारी एक गोष्ट 1976 च्या जुलैतच घडून गेली होती. हे चौघे लंडनास जाऊन वाजवून आले. तेथील तरुण मंडळ्या त्याच सुमारास डोके वर काढू लागल्या होत्या; त्यांस ह्या भेटीने मोठा हुरूप आला, आणि 1977 साली 'द क्लॅश' व 'सेक्स पिस्टल्स' ह्यांच्या पहिल्या मुद्रिका बाहेर पडल्या. तीन स्वरमेळ येत असले तरी आरंभ करावयास हरकत नाही, हा विश्वास ह्या पिढीने घेतला.

आता दोष. ह्या मुद्रिकेतील सर्व शब्द आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस शिकविणार नाही. एका गीतात चिकटद्रव्य हुंगून वेळ घालविण्याची गोष्ट आहे, एकात कार्ट्याला बडविण्याची, तर एकात नाझी पोराचे सोंग आहे. ही थट्टा आहे, आणि सोंग घेणाऱ्या मेळ्यातील जोई व टॉमी हे स्वतः यहुदी घराण्यातले होते, हे ध्यानात घेतले तरी ती थट्टा आम्हांस रुचत नाही. व्यसनाची गोष्ट तर थट्टेवारी नेण्याजोगी नाहीच: डी डी ह्यांचा अंत 2002 साली अमली पदार्थानेच झाला. स्तुती करावयाची म्हणून हे झाकून ठेवणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते.

इतक्या दूरच्या मंडळींची ही कथा जव्हार-मोखाड्याच्या वाचकांपुढे मांडण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आमच्या वसतिगृहातच आहे. आमच्या शाळेत वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा घरांतील मुले शिकतात. त्यांपैकी कित्येकांच्या पाड्यावर तारपा वाजतो, आणि काहींस तो स्वतः फुंकताही येतो. परंतु 'तुला काय वाजविता येते?' असे विचारले असता ती मुले खाली पाहतात. पेटी किंवा तबला आला तर तो 'संगीत', आणि तारपा आला तर ते 'गावाकडचे', असा भेद त्यांच्या मनात कोणी तरी पेरला आहे. आणि तो पेरणारांत आम्ही सुशिक्षित म्हणविणारे सर्वच आलो.

वस्तुतः तारप्याची बांधणी पाहिली तर रमोन्सांची सारी सामग्री त्यापुढे चैनीची ठरावी. वाळविलेला भोपळा, बांबूच्या दोन नळ्या, त्यांत बसविलेल्या जिभा, ताडाच्या पानांचा कर्णा आणि सांधे बुजविण्यास मेण. दुकानात जाण्याचे कारणच नाही. सूर थोडे, परंतु वाजविणारा गालांत वारा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. तो मध्ये असतो आणि नाचणारे हातांत हात गुंफून त्याच्याभोवती फिरतात. तो वळला की साखळीही वळते. श्रोत्यांसाठी खुर्च्या मांडाव्या लागत नाहीत, कारण निव्वळ श्रोता असा तेथे क्वचितच असतो. जव्हार तालुक्यातील वाळवंडे येथील श्री. भिकल्या लाडक्या धिंडा ह्यांनी लहानपणापासून उभे आयुष्य ह्या वाद्यास वाहिले; तारपे ते स्वहस्ते घडवितात. त्यांस संगीत नाटक अकादमीचा 2022 सालचा पुरस्कार लाभला आणि 2026 साली पद्मश्री जाहीर झाली. ह्या मानाचा आम्हांस अभिमान आहे. मात्र दिल्लीने सांगेपर्यंत शेजारच्या गावचे वादन आपल्या कानी पडू नये, हे जरा चमत्कारिकच म्हटले पाहिजे!

आपल्या सुराची लाज सोडण्याचा हा प्रश्न ख्रिस्ती मंडळीस तरी नवा नाही. एके काळी मराठी उपासनेत इंग्रजी चालींवर बसविलेली भाषांतरित गीते मोठ्या प्रमाणावर गाइली जात. रेव्हरंड नारायण वामन टिळक (1861–1919) ह्यांनी अभंग-ओवीच्या वळणाची भजने रचून ख्रिस्तभक्ती मराठी माणसाच्या गळ्यात बसविली. टिळकांचे नाव रमोन्सांशेजारी आलेले पाहून काही ज्येष्ठ वाचक दचकतील. त्यांची आम्ही क्षमा मागतो, पण वाक्य मागे घेत नाही.

शिवाय हे धैर्य आता आपल्या जवळपासही दिसू लागले आहे. मुंबईच्या 'स्वदेसी' नावाच्या तरुण मंडळीने 2019 साली 'द वारली रिव्होल्ट' हे गीत प्रसिद्ध केले. ते पंक नव्हे. रॅप नामक तालबद्ध बोलगाण्याचा तो प्रकार. परंतु त्यात आरेच्या केलटीपाड्यातील श्री. प्रकाश भोईर ह्यांचा आवाज आहे, विषय जंगलाचा आहे, आणि नावातच 1945 साली डहाणू, तलासरी व उंबरगावच्या वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध केलेल्या उठावाचे स्मरण आहे. मग जव्हार-मोखाड्याच्या मुलांस विषयांचा दुष्काळ का पडावा? मोखाडा तालुक्यात मध्य वैतरणेचे धरण 2014 साली पुरे झाले. पाणी मुंबईस जाते. पावसाळ्यात येथे छत्री टिकत नाही, आणि उन्हाळ्यात पाड्यांवरील बाया हंडा घेऊन टँकरची वाट पाहतात. दिवाळी सरली की वीटभट्टीच्या वाटेने घरेच्या घरे रिकामी होतात, आणि वर्गातील काही बाकेही. ह्यावर अडीच मिनिटांचे गीत कोणी करील तर ते गोड होणार नाही हे उघड आहे. आम्ही ते पहिल्या रांगेत बसून ऐकू.

वार्षिक संमेलनात तारपानृत्य होतच असते, असे कोणी म्हणेल. होते, परंतु पाहुण्यांचे स्वागत म्हणून, रंगीत पोशाखात, चार मिनिटे, आणि पुष्कळदा ध्वनिक्षेपकावरील तयार मुद्रणाच्या तालावर. वाजविणारा मुलगा वर्गात असताना मुद्रण लावणे म्हणजे घरी भाकरी असता शेजारी हात पसरण्यासारखे आहे. यंदाच्या संमेलनाची कार्यक्रमपत्रिका अद्याप छापावयाची आहे. रमोन्सांस एका गीतास अडीच मिनिटे पुरत असत, हे वर आलेच आहे. तारप्यास तेवढी पुरणार नाहीत; साखळी पुरी जुळावयासच तितका वेळ लागतो.