आधी भाकरी, मग इज्जत?

दलितांना उपदेश करणाऱ्यांची या देशात कधीच वाण पडली नाही. त्यांचा एक उपदेश तर सदैव जिभेवर तयार असतो : आधी पोटाचे पाहा, धर्म, मान, स्वाभिमान या भरल्या पोटाच्या गोष्टी आहेत. ऐकावयास हा उपदेश दयेचा वाटतो. वस्तुतः गुलामगिरी टिकविण्याचे याहून सोयीचे साधन दुसरे नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे धम्मदीक्षा झाली. दुसऱ्या दिवशीच्या भाषणात परमपूज्य बाबासाहेबांनी याच उपदेशाचा समाचार घेतला. मेलेली जनावरे ओढण्याचे सोडल्याने कातडी, हाडे व शिंगे यांचे वर्षाकाठी पाचशे रुपयांचे उत्पन्न बुडते, असा हिशेब वृत्तपत्रातून मांडण्यात आला होता. बाबासाहेबांनी उलट आव्हान दिले : एवढा लाभ आहे तर तो तुम्हीच घ्या, वर पाचशे रुपये मी देतो! घाणीतला नफा ज्यांना दिसतो, त्यांना ती घाण मात्र दुसऱ्याच्याच हाती हवी असते.

आता विचार करा, आम्ही दरिद्री का झालो? बुद्धी नव्हती म्हणून? कष्ट नव्हते म्हणून? महार वतनाकडे पाहा. जमिनीचा तुकडा चिमूटभर आणि चाकरीला अंत नाही. रात्री-अपरात्री सांगावा आला की निघावयाचे. घरचा कर्ता नसेल तर घरातील दुसऱ्या कोणी जावयाचे. मोबदला काय? दारोदार मागितलेली भाकरी आणि मेलेल्या ढोराचे मांस. ज्याला माणूस मानले त्याला मजुरी द्यावी लागते. ज्याला माणूस मानले नाही त्याला उष्टे चालते. म्हणजे अपमान हे आमच्या दारिद्र्याचे फळ नव्हे, तर मूळ आहे. म्हणूनच मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस व उष्टे सोडण्यास सांगितले, आणि त्याच भाषणात शेतीचा मार्गही दाखविला. १९२८ साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतनसुधारणेचे बिल मांडले. वतने प्रत्यक्ष नष्ट होण्यास मात्र १९५८ चा कायदा यावा लागला.

धर्मांतराने सवलती जातील, उपाशी मराल, अशीही भीती घालण्यात आली. सवलती खरोखरच गेल्या. महाराष्ट्र राज्याने स्थापनेनंतर आपल्यापुरता न्याय केला. पण केंद्राने बौद्धांना अनुसूचित जातींचे हक्क दिले ते १९९० साली. तब्बल चौतीस वर्षे! एवढ्या काळात आमची माणसे माघारी फिरली काय? मुळीच नाही. अर्धपोटी राहून त्यांनी मुलांना शाळेत घातले. २०११ च्या जनगणनेत देशाची साक्षरता सुमारे ७३ टक्के होती, बौद्धांची ८१ टक्क्यांहून अधिक. ज्या समाजाला काल अक्षर शिवू दिले जात नव्हते, त्याचा हा आकडा आहे. भरल्या पोटाची वाट पाहत बसलो असतो, तर तो कधीच दिसला नसता.

आणि ही केवळ महाराष्ट्राची गोष्ट नाही. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित युवकांना तथाकथित गोरक्षकांनी अमानुषपणे झोडपले. त्यानंतर सुरेंद्रनगरला जिल्हाधिकारी कचेरीसमोर मेलेली जनावरे आणून टाकण्यात आली. ढोरे ओढणार नाही, अशी शपथ हजारोंनी घेतली आणि भूमिहीनांसाठी जमीन मागितली. एप्रिल २०१८ मध्ये त्या अत्याचारग्रस्त कुटुंबाने बौद्ध धम्माचा स्वीकार केला. नव्वद वर्षांनंतर महाडचाच मार्ग!

सरकारची दृष्टी मात्र अद्याप भरपाईच्या पलीकडे जात नाही. हाताने मैला उचलण्याची प्रथा २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविली. गटारात मेलेल्याच्या वारसांना दहा लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली तीस लाख सांगितले. मरणाची किंमत तिप्पट झाली, मरण थांबले नाही! मेल्यावर लाखांनी मोजता, त्या माणसाला जिवंतपणी यंत्र, कायम नोकरी आणि दुसऱ्या धंद्याची वाट का देत नाही?

स्वजनांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. पुढाऱ्याच्या दारी धान्याच्या पिशवीसाठी रांग लावणे आणि पिशवीबरोबर आपले छायाचित्र काढू देणे, हे नवे बलुते आहे. भुकेल्याने धान्य जरूर घ्यावे. पण हक्क म्हणून घ्यावे, उपकार म्हणून नव्हे. शिधापत्रिका, किमान वेतन, शिष्यवृत्ती यांसाठी कचेरीत ताठ मानेने उभे राहा. अर्ज लिहिता येत नसेल त्याला लिहून द्या. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला हात पसरणे शोभत नाही. हात उगारण्याचीही गरज नाही. मूठ वळून एकत्र उभे राहिले तरी पुरे.

भाकरी आम्हाला हवीच आहे. पण ती फेकलेली नको, कमावलेली हवी. जय भीम!