दुखत नसतानाच दात दाखवून घ्या

दाढ ठणकू लागते, दोन रात्री लवंग धरून काढल्या जातात, मेडिकलमधून आणलेल्या गोळीने थोडा आराम पडतो आणि मग पुन्हा ठणका सुरू होतो. आपल्याकडे बहुतेकांना दातांचे डॉक्टर आठवतात ते यानंतर. तोवर कीड दाताच्या नसेपर्यंत पोचलेली असते. दाताच्या वरच्या टणक कवचाला संवेदना नसते, त्यामुळे कीड तिथे असेपर्यंत काहीच कळत नाही. दात सिमेंट भरून, थोडक्या पैशांत वाचवता येतो तो नेमका याच काळात. पुढे रूट कॅनल करा, वर कॅप बसवा, नाहीतर दात काढा. म्हणून माझी कळकळीची विनंती आहे, सगळे ठीक वाटत असतानाच एकदा जाऊन या.

हिरड्यांचा आजार तर याहून मुकाट्याने वाढतो. दातांवर रोज बसणारा मऊ थर ब्रशने निघतो. जो राहतो, त्यात लाळेतले क्षार बसून काही दिवसांत त्याचे दगडासारखे किटण होते, आणि मग कितीही घासले तरी ते हटत नाही. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूने जीभ फिरवून पाहा, खरखर लागेल. लाळेच्या ग्रंथी तिथे उघडतात, त्यामुळे किटण तिथे लवकर धरते. त्याच्या कडेने हिरडी सुजते आणि ब्रश करताना रक्त येते. रक्त आले की माणसे तिथे ब्रश लावणेच सोडतात, आणि सूज आणखी वाढते. ती खाली हाडात उतरली की न किडलेले, धडधाकट दातसुद्धा हलू लागतात. झिजलेले हाड आपसूक भरून येत नाही.

हे किटण डॉक्टर मशीनने काढतात, पण ‘दात साफ केले की ढिले होतात’ हे घरोघरी ऐकू येते. तसे होत नाही. मशीनची टोके थरथरतात, पाण्याचा फवारा चालू असतो आणि किटण सुटून पडते. दात खरवडला जात नाही. सुजलेली हिरडी बसली की दातांमधल्या, आजवर किटणाने भरलेल्या फटी दिसू लागतात आणि काही दिवस गार पाणी झोंबते. दात हललाच, तर तो आधीच हाड झिजल्यामुळे. त्याचे खापर सफाईवर फोडू नका.

मिश्री लावणाऱ्या आयाबहिणींना तपासणीचे जास्तच आग्रहाने सांगायचे आहे. अनेकींनी दाढ दुखते म्हणून मिश्री धरली आणि मग ती सुटली नाही. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखू. तिने दात स्वच्छ होत नाहीत, तलफ मात्र लागते. तपासणीत डॉक्टर गाल, जीभ, टाळू हेही पाहतात. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, सुपारी-गुटख्याने कमी उघडू लागलेले तोंड, यातले काहीही दिसले तर एक दिवसही थांबू नका. तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता खूप वाढते.

मधुमेह असेल तर हिरड्या लवकर बिघडतात, आणि बिघडलेल्या हिरड्या साखर आटोक्यात येऊ देत नाहीत.

मुलांच्या बाबतीत एक चूक फार होते. सहाव्या वर्षाच्या सुमाराला दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून आईवडील तिलाही दुधाचीच समजतात आणि किडू देतात. ती कायमची दाढ आहे. तिच्या खाचा वेळेवर भरून घेतल्या तर कीड टळू शकते.

किती दिवसांनी जायचे? तंबाखू, मधुमेह किंवा हिरड्यांचा त्रास असेल तर सहा महिन्यांच्या आत. बाकीच्यांनी सहा महिन्यांनी की वर्षाने, हे डॉक्टरांनी तोंड पाहूनच ठरवावे. खर्चाची धास्ती असेल तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरची शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत नायरचे दंत महाविद्यालय आहे, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय आहे. तिथे खासगी दवाखान्यापेक्षा पुष्कळ कमी खर्च येतो. रांग असते, सकाळी लवकर पोचा. चालू औषधांच्या चिठ्ठ्या सोबत न्या, दिवस गेले असतील तर आधीच सांगा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर तेही सांगा, पण ती आपल्या मनाने बंद करून जाऊ नका.