हमालाचे कार्य शून्य?

अकरावीपासून आपल्या मागे लागलेला एक प्रश्न आहे. हमाल डोक्यावर पेटी घेऊन सपाट प्लॅटफॉर्मवर 100 मीटर चालला, तर त्याने गुरुत्वाकर्षणाविरुद्ध किती कार्य केले? उत्तर : शून्य! मार्क मिळतो, वर्गात हशाही पिकतो. उत्तर बरोबरच आहे, पण आपण तिथेच वही मिटतो, ही माझी तक्रार.

तो शून्य पेटीच्या खात्यावरचा आहे, हमालाच्या स्नायूंच्या नव्हे. टेबल वजन फुकटात पेलते, स्नायू पेलत नाही. ताण टिकवायला स्नायूतले मायोसिनचे रेणू ॲक्टिनचे धागे सतत पकडतात, सोडतात, पुन्हा पकडतात आणि दर फेरीला एटीपी खर्च होतो. भरलेली बादली हात लांब करून नुसती धरून बघा. विस्थापन शून्य, तरी थोड्याच वेळात हात थरथरतो की नाही?

आता आपल्या हॉस्टेलकडे या. पाण्याचा 20 लिटरचा जार मामा खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर आणतात. उंची 10 मीटर धरू, मामांचे वजन 60 किलो. जार वर नेण्याचे कार्य 1960 ज्यूल. पण मामांना स्वतःलाही वर न्यावे लागते, त्याचे 5880. एकूण 7840 ज्यूल, म्हणजे पाऊण मेहनत स्वतःचेच शरीर उचलण्यात! स्नायूंची कार्यक्षमता 25 टक्के धरली तर अन्नातून सुमारे 31 किलोज्यूल लागतात. असे दहा जार म्हणजे 75 किलोकॅलरी. कुणी म्हणेल, "हात्तिच्या, एका पोळीचा तर हिशोब!"

इथेच पॉवर मध्ये येते. दिवसभर टिकेल अशी माणसाची पॉवर साधारण 75 वॅट मानतात. तोच जार दीड मिनिटात वर आला तर 87 वॅट, अर्ध्या मिनिटात आला तर 261 वॅट. आपण गॅलरीतून "मामा, जरा लवकर!" ओरडतो तेव्हा कार्य एका ज्यूलनेही वाढत नाही, पॉवर मात्र तिप्पट मागतो. दम लागतो तो याचा.

आणि उतरताना? तेव्हा स्नायू ताणले जात ब्रेकचे काम करतात. पुस्तकात हे ऋण कार्य. 1952 साली ॲबट, बिगलँड आणि रिची यांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचे, दुसऱ्याने ते अडवायचे. अडवणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला, पण शून्य नाही. शिवाय ज्यांनी सिंहगड उतरलाय त्यांना दुसऱ्या दिवशीच्या मांड्या आठवत असतीलच! तेव्हा रिकामा जार घेऊन खाली जाणे म्हणजे विश्रांती, असे समजू नका.

माझे म्हणणे एवढेच की माणसाच्या श्रमाचा हिशोब फक्त पोचलेल्या मालावरून करू नये. तो कसा पोचला, किती वेगात, किती फेऱ्यांत, हेही मांडले पाहिजे. आणि एकदा मांडले की उपाय दिसतो. पाऊण कार्य शरीर चढवण्यात जाते ना? मग शरीर खालीच राहू दे! जिन्याच्या बाजूला कप्पी, जारसाठी पिंजरा, खाली रहाटासारखा दांडा. दंडाचे स्नायू मांड्यांपेक्षा लहान, म्हणून दांड्याला गिअर हवा. हात सुटला तरी जार खाली येऊ नये म्हणून रॅचेट हवे. डिझाइन सेकंड इयरच्या आवाक्यातले आहे आणि वर्कशॉप आपल्याच आवारात आहे.

दरवर्षी आपण रोबो बनवतो, बक्षिसे आणतो. छान आहे, बनवाच. पण यंदा एका ग्रुपने मिनी प्रोजेक्टला ही कप्पी घ्यावी, आणि रेक्टर सरांनी भिंतीला चार बोल्ट मारायची परवानगी द्यावी. तोपर्यंत निदान एक करता येईल : गॅलरीतून ओरडण्याऐवजी खाली उतरा आणि आपला जार आपण आणा. अंगावर पडल्याशिवाय वॅट कळत नाही!